रानटर्की : रानातल्या आणि स्वयंपाकघरातल्या या चुका टाळा

आधी एक खुलासा. रानटर्की या मोठ्या जंगली पक्ष्याच्या शिकारीचं हे सगळं अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा गावच्या माळावर प्रयोग नकोत.

इथे एप्रिलमध्ये वसंतातला हंगाम सुरू होतो, तोही नरांचा. पहिल्या वर्षी माझी मोठी चूक झाली ती बडबडीची. मादीचा आवाज काढणारी लाकडी पेटी, बॉक्स कॉल, हातात आली आणि जत्रेतून पिपाणी आणलेल्या पोरासारखा मी ती वाजवत सुटलो. पलीकडच्या टेकाडावरून नर दर वेळी ओरडून उत्तर देई, मी खूश. तासभर तो जागचा हलला नाही. कारण साधं : रानात मादी नराकडे चालत जाते. तिचा आवाज सारखा येतोय म्हटल्यावर ‘येतेच आहे’ असं समजून तो पिसारा फुलवून उभा राहतो. उत्तर मिळालं की एखादा हलका आवाज द्या आणि पेटी खाली ठेवा. नर गप्प झाला म्हणून उठूही नका. पुष्कळदा तो अवाक्षर न काढता पाठीमागून येतो.

टर्कीचं नाक कमजोर, पण डोळे भलतेच तीक्ष्ण. डास मारायला हात उचललात की खेळ संपला. खांद्यांपेक्षा रुंद झाडाला पाठ टेकून बसा. लाल, पांढरा, निळा रंग अंगावर नको, रुमालसुद्धा नको. नराच्या डोक्याचे रंग हेच, आणि झुडपापलीकडे दुसरा शिकारी असू शकतो. आवाजाच्या दिशेने दबकत जायचं नाही, तेही याच कारणासाठी.

बारा बोअरच्या छर्ऱ्याच्या बंदुकीने 40 यार्डांपलीकडे (सुमारे 37 मीटर) बार टाकू नका. नेम डोक्या-मानेवरच. फुललेल्या नराची मान आखडलेली असते. बारीकसा आवाज द्या, मान वर येईल, तेव्हाच घोडा दाबा. पक्षी पडल्यावर त्याच दिवशी रात्री दहाच्या आत सरकारी नोंद करायची.

आता घरी. ऊन चढतं, म्हणून आतडी लगेच काढा. गळ्याच्या बुडाची दाण्यांची पिशवीही विसरू नका. कलेजी-पेटा वेगळा ठेवा. वसंतातल्या नराच्या छातीवर स्पंजासारखी चरबी असते, ती खरवडून टाका.

दुकानातल्या टर्कीसारखा अख्खा पक्षी ओव्हनमध्ये घालणं ही सगळ्यात महाग चूक. छातीवरची ती चरबी सोडली तर रानपाखराच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. पाय शिजेपर्यंत छातीचा चोथा होतो. छाती सोडवून लिटरभर पाण्याला 60 ग्रॅम मीठ या हिशेबाने रात्रभर भिजवा, धाग्याला आडवे काप करा, झटपट परता. आतलं तापमान 74 अंश सेल्सियस झालं की उतरवा. तंगड्यांत काडीसारखे कडक स्नायुबंध असतात, त्या परतून भागत नाही. कुकर घ्या, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 40 मिनिटं. मांस हाडावरून सुटलं की काड्या निवडून टाका आणि सुक्या खोबऱ्याचं वाटण घालून रस्सा करा. चिकनपेक्षा गडद आणि चवीला भारदस्त होतो.

कापताना मांसात पिसाचा काळा धागा घुसलेला दिसला तर बोटाने माग काढा. टोकाला छर्रा असतो. दुसऱ्या वर्षी मी घाई करून डोक्याऐवजी पक्ष्याच्या अंगावर बार टाकला होता. तो छर्रा सापडला आमच्या पाहुण्यांच्या दाढेला.