ग्राफिक्स ड्रायव्हरमधला मेमरीचा कोड सोपा करताय? या चुका टाळा

फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणारी मुलं लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचे पॅच (कोडमधले बदल) मला दाखवायला आणतात. बहुतेकांना मेमरीचा किचकट कोड उडवायचा असतो. हेतू चांगलाच आहे, पण नुसत्या ओळी कमी करून कोड सोपा होत नाही. कुठली मेमरी कोणाच्या ताब्यात आहे आणि ती कोण कधी सोडणार, हे वाचताक्षणी कळलं पाहिजे.

सगळ्यात घातक चूक म्हणजे मेमरी मोकळी करण्याचा हाताने लिहिलेला कोड काढून सरसकट डेव्हएमचे (devm_, मेमरी डिव्हाइसला बांधून ती आपोआप सोडणारे) फंक्शन वापरणं. ती मेमरी डिव्हाइस ड्रायव्हरपासून सुटलं की लगेच जाते. पण एखाद्या प्रोग्रामने कार्डाची फाइल उघडी ठेवलेली असू शकते. त्याने ती बंद केली की ड्रायव्हर गेलेल्या मेमरीला हात लावतो. फाइल बंद होईपर्यंत लागणाऱ्या स्ट्रक्चरसाठी 2020 मध्ये डीआरएमएमचे (drmm_) फंक्शन आले. ते शेवटचा वापरणारा जाईपर्यंत थांबतात. रजिस्टरचं मॅपिंग आणि इंटरप्ट मात्र डेव्हएमकडेच ठेवा, कारण ते हार्डवेअरबरोबरच जायला हवेत.

वाळपईची एक मुलगी विचारत होती, ‘सर, हँडल तयार केल्यावर लगेच ऑब्जेक्टचा पुट आहे. हा जास्तीचा ना? काढू?’ अजिबात नाही. ऑब्जेक्ट म्हणजे इथे बफर, म्हणजे चित्रासाठी घेतलेली मेमरी; हँडल म्हणजे प्रोग्रामला ती ओळखायला दिलेला नंबर; रेफरन्स म्हणजे ‘मी हे वापरतोय’ ही नोंद आणि पुट म्हणजे ती नोंद सोडणं. हँडल स्वतःचा वेगळा रेफरन्स घेतं. बफर बनवताना मिळालेला रेफरन्स तुमचा, तो तुम्हीच सोडायचा, हँडल बनलं तरी आणि नाही बनलं तरी. पुट काढलात तर बफर कायमचा अडकतो. उलट पुट झाल्यावर त्या ऑब्जेक्टचा साइज वाचलात तर त्याहून वाईट: हँडलचा नंबर अंदाजाने ओळखून प्रोग्रामचा दुसरा थ्रेड (बरोबरीने चालणारा भाग) तेवढ्यात ते बंद करू शकतो आणि ऑब्जेक्ट नाहीसा होतो. साइज आधीच वाचून ठेवा.

हेल्पर, म्हणजे बफर सांभाळणारा कर्नलमधला तयार कोड, निवडतानाही घाई नको. 2019 मध्ये आलेला शमेम हेल्पर पुष्कळ कोड वाचवतो, पण तो मेमरीची सुटी सुटी पानं (छोटे तुकडे) देतो. आयओएमएमयू (सुटी पानं हार्डवेअरला सलग दाखवणारा भाग) नसलेल्या छोट्या बोर्डवर डिस्प्लेला सलग मेमरी लागते, तिथे डीएमए हेल्परच घ्या. कार्डावर स्वतःची मेमरी असेल तर टीटीएम (तशी मेमरी सांभाळणारा कर्नलमधला कोड) बघा.

एक बारीकशी गोष्ट: शमेमचं बफर बनवणारं फंक्शन फसलं तर नल (रिकामा पॉइंटर) नाही, एरर पॉइंटर (चुकीचा कोड भरलेला पॉइंटर) देतं. नुसतं नल तपासलं तर चूक पुढे सरकते.

तपासायला महागडं कार्ड लागत नाही. साध्या लॅपटॉपवर क्यूएमूमध्ये (आभासी कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) व्हर्टिओ-जीपीयू या आभासी कार्डाचा ड्रायव्हर लोड करा, केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलमधलं साधन) चालू ठेवा, कार्डाची फाइल उघडी असताना डिव्हाइस अनबाइंड करा, म्हणजे ड्रायव्हरपासून सोडवा, आणि मग फाइल बंद करा. केमेमलीक (न सोडलेली मेमरी शोधणारं साधन) गप्प राहिला म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण थेट मागितलेली पानं तो मोजत नाही. बफर बनवून, त्यात काहीतरी लिहून तो मोडायचा लूप चालवा आणि मेमइन्फो (/proc/meminfo, मेमरीचा हिशोब दाखवणारी फाइल) मधली शमेमची ओळ बघत राहा. लूप थांबल्यावरही आकडा खाली आला नाही, तर कुठेतरी एक पुट राहिलाय.