शिमग्यापासून पडवीत उभी असलेली बाईक चालू होत नाही? या चुका टाळा

गणपतीच्या दोन दिवस आधी आमच्या वाडीत एक आवाज हमखास ऐकू येतो. ढोलकीचा नव्हे, किकचा. शिमगा करून मुंबईला गेलेला चाकरमानी परत आलेला असतो. पडवीतल्या बाईकवरची ताडपत्री तो ओढून काढतो आणि सदरा भिजेपर्यंत किक मारत बसतो. मखर अर्धं, बाजार राहिलेला, आतून दर पाच मिनिटांनी "झाली का रे चालू?" शेवटी हाक येते, "जरा बघून जा रे!"

माझं काही गॅरेज नाही. पण गुहागरच्या खाऱ्या हवेत इतकी वर्षं गाडी वापरल्यावर एवढं कळलंय की आपल्याकडच्या गाड्या धावून कमी आणि उभ्या राहून जास्त बिघडतात. त्यामुळे आधी किक मारू नका, आधी ऐका.

चावी फिरवा आणि गप्प उभे राहा. २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमातल्या) गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे पंपाने पेट्रोल फवारणाऱ्या आहेत. त्यांत चावी लावल्यावर दोन-तीन सेकंद पेट्रोल पंपाची बारीक गुणगुण ऐकू येते. मग सेल्फचं बटण दाबा. नुसती टकटक झाली तर बॅटरी बसली आहे किंवा तिचं टर्मिनल, म्हणजे वायर जोडायची जागा, खराब आहे. काहीच आवाज नसेल तर इंजिन बंद करणारा लाल किल स्विच, फ्यूज, क्लच आणि साइड स्टँड बघा. इंजिन झोकात फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, तिथे पेट्रोल किंवा करंट पोचत नाही.

साइड स्टँडवर हसू नका. दाभोळहून धोपाव्याला येताना फेरीबोटीत माझी स्वतःची गाडी अडली होती. फळी खाली पडली, मागचे हॉर्न वाजवायला लागले, मी सेल्फ दाबतोय आणि गाडी ढिम्म. दोघांनी ढकलून मला जेटीवर काढलं. तिथे एका खलाशाने खाली वाकून बघितलं आणि स्टँडला पायाने एक ठोसा दिला. गाडी लगेच चालू! खाऱ्या पाण्याने स्प्रिंग गंजून स्टँड बोटभर खालीच राहत होता, म्हणून सेन्सर इंजिनाला उठू देत नव्हता. स्टँड खाली असताना या गाड्या गिअरमध्ये चालू होत नाहीत, काही मॉडेल तर न्यूट्रललाही नाही. तेव्हापासून महिन्यातून एकदा तिथे तेल सोडतो.

आता बॅटरी. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी दिसली की लोक नवी बॅटरी आणायला धावतात. आधी ती साफ करून बघा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवा, जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं पुसा, स्क्रू आवळा, वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. काढताना मायनस आधी, लावताना प्लस आधी. व्होल्ट मोजायचा मीटर असेल तर गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. मुंबईला परत जाताना मायनसची वायर सोडून ठेवलीत तर पुढच्या खेपेला हे करावंच लागणार नाही. दहा मिनिटांचं काम आहे, पण निघायच्या घाईत करतो कोण?

धक्का मारायचा मोह सगळ्यांना होतो, आणि उतार तर आपल्याकडे घराघरापुढे आहे. जुन्या कार्बोरेटरच्या, म्हणजे पंपाशिवाय पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या गाडीला तो लागू पडतो. दुसरा गिअर टाका, क्लच दाबा, वेग आला की सोडा. इंजेक्शनच्या गाडीत मीटरचा दिवाही लागत नसेल, तर उताराच्या टोकापर्यंत जाऊन काही होणार नाही. पंपच फिरत नाही, पेट्रोल चढणार कुठून? मग ती चढावरून परत आणणं आलं.

पेट्रोलचं वेगळंच आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा धरतं. अर्धी टाकी पावसाळाभर उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ धरून पाणी तळाशी बसतं, आणि पंप ओढतो तळातूनच. चार महिन्यांच्या जुन्या पेट्रोलवर नवं ओतून "बघू होतंय का" करू नका, जुनं काढून टाका. गाडी चालू होऊन दोन किलोमीटरवर बंद पडत असेल तर टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय.

कार्बोरेटरवाल्यांनी चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी दांडी) ओढून किकवर किक मारू नये, ठिणगी पाडणारा प्लग पेट्रोलने न्हातो. प्लग काढून वाळवा, चोक बंद करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. प्लग काढलाच आहे तर त्याची टोपीही आतून पुसा, पावसात तिथेच पाणी साचतं. ठिणगी बघायची असेल तर पेट्रोलचा वास गेल्यावरच.

उंदीर राहिलेच. नारळाच्या राशीशेजारी गाडी लावली तर वायर कुरतडलेली आणि एअर फिल्टरच्या डब्यात सोडणाचं (नारळाच्या सालाचं) घरटं सापडणारच. त्यावर उपाय म्हणून आमच्या शेजारच्या काकांनी सायलेन्सरमध्ये फडक्याचा बोळा कोंबला आणि स्वतःच विसरले. प्लग बदलून झाला, बॅटरी बदलून झाली, मग काकूंनी विचारलं, "माझं परकराचं फडकं कुठे आहे हो?" बोळा जरूर घाला, पण त्याचं टोक हातभर बाहेर लोंबतं ठेवा.

चावी फिरत नाही म्हणून कुलपात खोबरेल सोडणं ही खास आपली चूक. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यात धूळ बसते आणि पौषातल्या पहाटे चावी आणखीच अडते. गंज सोडवायचा स्प्रे घ्या.

आणि गाडी पुरात बुडाली असेल तर सेल्फला हातही लावू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरात शिरलं, तशा वेळी पाणी उतरताच "चालू होते का बघू" असं प्रत्येकाला वाटतं. पण पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरवलं तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं की समजा पाणी आत आहे. बॅटरी सोडवा, प्लग काढा आणि गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्या.