राउटर घेताना आधी खोकं उलटं करा

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी चालणारं मोफत सॉफ्टवेअर) टाकायचं म्हणून त्यांच्या यादीत नाव बघून राउटर आणला. घरी आल्यावर कळलं, मॉडेल तेच पण व्हर्जन भलतंच. परभणीत दुकानदार काही परत घेईना. तेव्हापासून असं करतो:

१. खोक्याच्या स्टिकरवर मॉडेल नंबरजवळ बारीक अक्षरात व्हर्जन असतं, त्याचा फोटो काढा. व्हर्जन बदललं की आतली चिप, मेमरी सगळंच बदललेलं असू शकतं. ऑनलाइन मागवताना कोणतं व्हर्जन येईल याचा भरवसा नाही, म्हणून मी दुकानातूनच घेतो.

२. तिथंच उभं राहून ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर यादीत नेमकं तेच व्हर्जन शोधा.

३. फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) १६ एमबी, रॅम १२८ एमबी तरी हवी. ४ आणि ३२ वाला जुना डबा फुकट मिळाला तरी नको.

४. वायफाय चिप मीडियाटेक किंवा क्वालकॉमची बघा, ब्रॉडकॉम टाळा.

फर्मवेअर, म्हणजे हे नवं सॉफ्टवेअर, चढवताना लॅनची वायर लावा आणि राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि मधेच गेली तर राउटरची वीट होते, म्हणजे तो चालूच होत नाही.