विश्वास सांगण्याआधीचा कळवळा

ख्रिस्ताविषयी दुसऱ्याला सांगावे, अशी इच्छा बहुतेक विश्वासणाऱ्यांच्या मनात असते. ते कसे सांगावे, हे मात्र मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, क्वचितच कोणी नीट शिकवते. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात, गांजलेले आणि पांगलेले लोकसमुदाय पाहून येशूला त्यांचा कळवळा आला, असे आपण वाचतो. तिथले मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांसाठी असलेल्या शब्दावरून आले आहे, म्हणजे मराठीतल्या ‘आतडे तुटणे’ या प्रयोगाच्या ते अगदी जवळचे आहे. कापणीसाठी कामकरी पाठवण्याची प्रार्थना त्या अध्यायात या कळवळ्यानंतर येते. खाली हाच क्रम धरला आहे: आधी कळवळा, मग सांगणे.

ज्या व्यक्तीशी बोलायचे मनात आहे तिचे नाव घेऊन आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हिने कधीच विश्वास धरला नाही, तरी मी हिच्याकडे असाच येत राहीन का? उत्तर नाही असे असेल, तर बोलणे पुढे ढकलून तिच्यासाठी प्रार्थना करावी. लूकच्या 17व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि आभार मानायला एकच परत आला. उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य काढून घेतले गेले नाही.

यानंतरचे काम ऐकण्याचे, आणि खरा वेळ त्यालाच लागतो. बार्तीमय आंधळा होता हे सर्वांना दिसत होते, तरीही येशूने त्याला ‘मी तुझ्यासाठी काय करावे’ असे विचारले. आपण पुष्कळदा समोरच्याचे दुःख आधीच ठरवून जातो आणि त्यावरचे वचनही शोधून नेतो. माझ्या हातून हे घडलेले आहे. शेजारच्या घरी मृत्यू झाला, तेव्हा तिसऱ्याच दिवशी मी अनंत जीवनाविषयीची एक पत्रिका घेऊन गेलो. त्या घरातल्या आजींनी ती घेतली, घडी करून पाटाखाली ठेवली आणि मला चहा दिला. मला मात्र त्यांच्याशी आणखी काय बोलावे हे सुचेना. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तेवढे त्यांचे वागणे योग्य होते. ते बिघडले तोंड उघडल्यावर. दुःखाच्या घरी जाताना हातात डबा असावा, बसण्याची तयारी असावी आणि विचारल्याशिवाय उपदेश करू नये.

मदत करताना ती कशाशीही जोडलेली नसावी. औषध, शाळेची फी, नोकरीसाठी टाकलेला शब्द यांपैकी काहीही प्रार्थनासभेला येण्यावर अवलंबून ठेवू नये. तसे सुचवूही नये, कारण गरजवंताला न बोललेली अटही ऐकू येते. पंडिता रमाबाईंनी विधवा व मुलींच्या शिक्षणासाठी काढलेल्या शारदा सदनाची हकीकत इथे आठवते. 1883 साली ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत हे सदन काढले, तेव्हा तिथे धार्मिक तटस्थता पाळली जाईल असे सांगितलेले होते. पुढे सदन पुण्यास हलले आणि काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा गदारोळ उठून 1893 मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दोन्ही बाजूंनी बरेच लिहिले गेले आहे. माझे मत असे की, रमाबाईंचा कळवळा निखळ होता. तरीही जो आपल्या आसऱ्याला आहे त्याच्या बाबतीत आपली उपस्थितीसुद्धा वजन टाकते, हे विसरू नये. म्हणून विद्यार्थी, रुग्ण, घरकामाला येणारी बाई आणि विशेषतः दुसऱ्यांची लहान मुले यांच्याशी दुप्पट संयमाने वागावे, आणि मुलांशी तर पालकांना माहीत असल्याशिवाय हा विषय काढूच नये.

बोलण्याची वेळ आली की परवानगी मागावी. ‘मला यातून कशाने आधार मिळाला ते सांगू का?’ एवढे वाक्य पुरते, आणि ‘नको’ हे उत्तरही पूर्ण मानावे. आपल्या राज्यघटनेचे 25वे कलम धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देते. मात्र दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणणे हा कोणाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्पष्ट केले आहे. शिवाय काही राज्यांत याविषयी स्वतंत्र कायदे आहेत, ते आपल्या पाळकांकडून किंवा वकिलाकडून समजून घ्यावेत.

सांगताना स्वतःची हकीकत पाचेक मिनिटांत, घरी बोलतो त्या मराठीत सांगावी. मंडळीतले शब्द बाहेर वेगळेच ऐकू येतात, याची आपल्याला सवयीने जाणीव राहत नाही. ‘तारण’ म्हटले की ऐकणाऱ्याला बँकेत ठेवलेले दागिने आठवतात, ‘साक्ष’ म्हटले की न्यायालय, आणि ‘नवा जन्म’ हा शब्द तर त्याला थेट पुनर्जन्माकडे नेतो. त्याऐवजी ‘देवाने मला सोडवले’, ‘माझा राग कमी झाला’, ‘मी क्षमा मागू शकलो’ असे बोलावे. न सुटलेले प्रश्नही सांगावेत. सगळेच सुरळीत झाले असे सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

समोरच्याच्या देवांची, संतांची किंवा सणांची टिंगल करू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. तो पूल कोणी आधीच तोडला असता तर ते कसे आले असते?

घरच्यांचा विचार सर्वांत अवघड. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तो आघात वाटला. पतिपत्नींना काही वर्षे वेगळे राहावे लागले. पुढे लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या वेळेला. म्हणून कोणी बाप्तिस्म्याची इच्छा दाखवली तरी घाई करू नये. घरी काय सांगणार, लग्नकार्यात काय होईल, आईला काय वाटेल, हे त्याच्याबरोबर बसून बोलावे आणि किती थांबायचे हे त्याच्यावर सोपवावे.

आणि ज्यांनी नकार दिला, त्यांच्याकडे जाणेयेणे बदलू नये. येशूकडे आलेला श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, त्याच्यावर येशूने प्रीती केली असे मार्क लिहितो. अशा घरातून दिवाळीचा फराळ आला की आनंदाने घ्यावा, आणि नाताळात आपले ताट नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे पाठवावे. त्यातल्या करंज्यांखाली पत्रिका सरकवू नये.