मेकफाइलला टोपणनाव कळत नाही

सोलापुरात होटगी रोडवरच्या एका छोट्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो, तेव्हा बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणं, हे एडिटरमधलं हिरवं बटण एवढंच मला माहीत होतं. तिथे सगळं 'मेक'वर चालायचं, मेकफाइल नावाच्या फाइलमध्ये लिहिलेल्या कमांड ते चालवतं. 1976 साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेलं टूल, माझ्या वडिलांच्या जन्माआधीचं. नव्या पोरांना ते जुनाट वाटतं. वाटू दे, शिकून ठेवा.

पहिल्याच आठवड्यात हौसेने बॅशआरसी, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये, एक एलियस, म्हणजे कमांडचं टोपणनाव, टाकला. टेस्ट चालवायच्या लांबलचक कमांडला 'टीटी' असं नाव दिलं. टर्मिनलवर झकास चाललं. मग तेच टीटी मेकफाइलमध्ये लिहिलं, तर अशी कमांडच नाही म्हणे. अख्खी दुपार गेली. शेवटी शेजारचा मित्र वैतागून म्हणाला, "तुला घरी बाळ्या म्हणतात, ते कॉलेजच्या हजेरीत असतंय का बे?"

झालं होतं तेच. एलियस तुमच्या चालू टर्मिनलपुरता. मेक आपलं काम वेगळ्या शेलकडून, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामकडून, करून घेतं आणि ते शेल तुमची बॅशआरसी वाचतच नाही. सर्व्हरवर तर युजरच दुसरा. म्हणून छोटं नाव हवं असेल तर ते मेकफाइलमध्येच टार्गेट, म्हणजे नाव दिलेलं काम, म्हणून लिहा, म्हणजे सगळ्या टीमला मिळतं. मी 'टेस्ट' नावाचं टार्गेट केलं. मेक म्हणालं, टेस्ट अप टू डेट आहे! कारण त्याच नावाचा फोल्डर शेजारी होता आणि मेक टार्गेटला फाइलच समजतं. अशा नावांना 'फोनी', म्हणजे फाइल नसलेली, म्हणून जाहीर करावं लागतं. टार्गेटखालची ओळ टॅबनेच सुरू करायची, स्पेस दिल्या की 'मिसिंग सेपरेटर'. या टॅबने भल्याभल्यांना रडवलंय.

पाथचं, म्हणजे फाइलच्या पत्त्याचं, दुखणं वेगळं. माझ्या मेकफाइलमध्ये माझ्याच होम फोल्डरचा पूर्ण पाथ होता, त्यामुळे सर्व्हरवर बिल्ड पडलं. मग दोन टिंबांचे रिलेटिव्ह, म्हणजे चालू फोल्डरपासून मोजलेले, पाथ लिहिले, तर मेक दुसऱ्या फोल्डरमधून चालवल्यावर तेही चुकले. "डावीकडची गल्ली" सात रस्त्यावरून एक, नव्या पेठेतून दुसरीच. आता मेकफाइल प्रोजेक्टच्या मुळाशी ठेवतो, सगळे पाथ तिथून मोजतो आणि वरच व्हेरिएबलमध्ये लिहितो. फोल्डरच्या नावात स्पेस नको, मेक त्याचे दोन तुकडे करतं. विंडोजवर लहान-मोठं अक्षर खपतं, लिनक्सवर नाही. आणि एका ओळीत सीडी करून, म्हणजे फोल्डर बदलून, पुढच्या ओळीत त्या फोल्डरमध्ये असल्यासारखं लिहू नका, दर ओळीला नवं शेल असतं. दोन्ही कमांड एकाच ओळीत, मध्ये दोन अँपरसँड.

एकदा 'क्लीन' टार्गेटमध्ये बिल्ड फोल्डरच्या व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकलं. नसलेलं व्हेरिएबल मेक गुपचूप रिकामं धरतं, चूक म्हणून सांगत नाही. नशिबाने आधी 'मेक डॅश एन' दिलं होतं, त्यात कमांड चालत नाहीत, फक्त छापून दिसतात. स्क्रीनवर आलं : आरएम डॅश आरएफ, पुढे नुसता स्लॅश आणि तारा. फोल्डरचं नावच गायब. म्हणजे बिल्ड फोल्डरऐवजी डिस्कच्या मुळापासून सगळं पुसायची कमांड.

मी एंटरवरचा हात काढला आणि खाली चहा प्यायला गेलो.