ड्रायव्हर अपडेटनंतर लिनक्सवर वायफाय गेलं तर

रीइन्स्टॉलच्या मागे लागू नका. आधी टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ चालवा, वायफाय कुठे बंद करून ठेवलंय का ते कळतं. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’समोर ‘येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने भागतं, ‘हार्ड ब्लॉक्ड’ मात्र सहसा लॅपटॉपच्या बटणानेच सुटतं.

मग ‘एलएसपीसीआय -के’: कोणत्या कार्डाला कोणता ड्रायव्हर लागलाय ते दिसतं. वायफाय कार्ड दिसतंय, पण ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नाही? मॉड्यूल, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जोडायचा ड्रायव्हर, जोडलंच गेलेलं नाही. ‘सुडो डीएमईएसजी’मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये, फर्मवेअरपुढे (कार्डात भरायच्या सॉफ्टवेअरपुढे) ‘एरर -2’ दिसली तर त्याची फाइल सापडलेली नाही. फोनचं यूएसबी टेदरिंग लावून (केबलने फोनचं इंटरनेट घेऊन) फर्मवेअर पॅकेज टाका, रीबूट करा.

ड्रायव्हर बाहेरून टाकलेला असेल तर ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा; डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी असा ड्रायव्हर पुन्हा बिल्ड करतं. नव्या कर्नलचे हेडर्स (बिल्डला लागणाऱ्या फाइल्स) नसले की बिल्ड गुपचूप फसतं, हे नेहमीचंच. बिल्ड नीट होऊनही अडलं तर बायोसमधला सिक्युअर बूट तपासा: डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल तो आत घेत नाही. घाईत असाल तर ग्रबमधून (सुरू होतानाच्या मेन्यूमधून) जुना कर्नल निवडा.