ऑनलाइन विक्री: राज्यातली किती, बाहेरची किती आणि कर कुठल्या खात्यात

महिनाअखेरीला बँकेत किती जमा झाले ते बघून जीएसटीचा हिशेब मांडणारे विक्रेते अजूनही भेटतात. मार्केटप्लेसकडून येणारी रक्कम म्हणजे तुमची विक्री नव्हे. कमिशन, कुरिअर, जाहिरात, टीसीएस (प्लॅटफॉर्मने सरकारसाठी आधीच कापलेला कर), मागच्या महिन्यात परत आलेला माल असं सगळं कापून उरलेला तो आकडा असतो. कर लागतो ग्राहकाच्या नावे झालेल्या बिलावर. पाच टक्के कराची कुर्ती १,०५० रुपयांना गेली, तर करपात्र किंमत १,००० आणि कर ५० रुपये. तुमच्या हातात शेवटी किती पडले याच्याशी त्याचा संबंध नाही.

पुढचं सगळं महाराष्ट्रात नियमित नोंदणी असलेल्या, वस्तू विकणाऱ्या दुकानदारासाठी आहे. नोंदणी नसलेल्यांसाठी एवढंच: १ ऑक्टोबर २०२३ पासून, वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी पोर्टलवरून पॅनवर एनरोलमेंट क्रमांक घेऊन प्लॅटफॉर्मवर वस्तू विकता येतात, पण फक्त आपल्या राज्यात. सावंतवाडीहून म्हापशाला एक पार्सल गेलं की ही सवलत संपली. त्यामुळे प्लॅटफॉर्मवर डिलिव्हरीची राज्यं निवडताना बाकीची बंद केलीत ना, हे स्वतः उघडून बघा.

अहवाल उतरवून एका शीटमध्ये आणा

अ‍ॅमेझॉनचा एमटीआर हा कर-अहवाल (बी-टू-बी म्हणजे व्यापाऱ्यांना आणि बी-टू-सी म्हणजे साध्या ग्राहकांना केलेली विक्री, वेगवेगळ्या फाइली), फ्लिपकार्टचा विक्री अहवाल, मीशोच्या विक्रीच्या आणि परतीच्या दोन फाइली, स्वतःच्या वेबसाइटच्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी. पेमेंटचा अहवाल नको, कराचा हवा. एका बिलाला एक ओळ. बिलात दोन दरांच्या वस्तू असतील तर दोन ओळी. कॉलम हे: बिल क्रमांक, तारीख, प्लॅटफॉर्म, विक्री की परत, ज्या जीएसटी क्रमांकावर बिल झालं तो, माल निघाला ते राज्य, पुरवठ्याचं राज्य, ग्राहकाचा जीएसटी क्रमांक असल्यास तो, एचएसएन (वस्तूचा वर्गीकरण कोड), दर, करपात्र किंमत, आणि सीजीएसटी (केंद्राचा वाटा), एसजीएसटी (राज्याचा वाटा), आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीवरचा) वेगवेगळे.

राज्यातली की बाहेरची, हे ओळीगणिक ठरवा

सगळा घोटाळा इथे होतो. ‘ग्राहक महाराष्ट्रातला म्हणजे विक्री राज्यातली’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अर्धवट आहे. दोन टोकं बघायची असतात: पुरवठादार कुठल्या राज्यातला, म्हणजे व्यवहारात माल कुठल्या राज्यातल्या नोंदणीवरून निघाला, आणि कायद्याने पुरवठ्याचं ठिकाण कोणतं. दोन्ही एकाच राज्यात असतील तर सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मा निम्मा, नाहीतर पूर्ण आयजीएसटी. ग्राहकाचं कार्ड कुठल्या बँकेचं, फोन नंबर कुठला, याला काही अर्थ नाही.

आधी निघण्याचं टोक. माल तुमच्या घरातून किंवा भिवंडीच्या गोडाउनमधून जातो तोवर प्रश्न नाही. भिवंडीचा पत्ता नोंदणीत व्यवसायाची जादा जागा म्हणून घातला की झालं. पण प्लॅटफॉर्मने ‘लवकर पोचेल’ म्हणून तुमचा माल बेंगळुरूच्या गोडाउनमध्ये ठेवायला लावला, तर कर्नाटकात वेगळी नोंदणी लागते. तो क्रमांक २९ ने सुरू होणार, महाराष्ट्राचा २७ ने. पॅन एकच असला तरी कायद्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे व्यापारी. पुण्याहून बेंगळुरूला पाठवलेल्या मालावर विक्री झालेली नसतानाही आयजीएसटीचं बिल लागतं, आणि तो जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, तुमच्याच २९ क्रमांकाच्या नावे दाखवावा लागतो. मग तीच कुर्ती बेंगळुरूहून कोथरूडच्या ग्राहकाला गेली, तर ती २९ क्रमांकाची राज्याबाहेरची विक्री. महाराष्ट्राच्या रिटर्नमध्ये तिचं नावही येता कामा नये. म्हणून शीट हाती आली की पहिला फिल्टर स्वतःच्या जीएसटी क्रमांकाचा लावा, ग्राहकाच्या राज्याचा नंतर. हा क्रम उलटा केलात तर बेंगळुरूची विक्री दोनदा मोजली जाते आणि दोन्ही राज्यांचे आकडे बिघडतात.

आता पोचण्याचं टोक. माल पुण्याहून निघतोय, ऑर्डर देणारा मुलगा बेंगळुरूत आहे आणि साडी नाशिकला आईकडे जायची आहे. मुलाकडे जीएसटी नोंदणी नाही. बिलिंगचा पत्ता बेंगळुरूचा, डिलिव्हरीचा नाशिकचा. इथे डिलिव्हरीचा पत्ता धरायचा: विक्री राज्यातली, सीजीएसटी आणि एसजीएसटी. जून २०२४ च्या २०९ क्रमांकाच्या परिपत्रकाने हे स्पष्ट केलं आहे, आणि अशा वेळी बिलावर ग्राहकाचा पत्ता म्हणून डिलिव्हरीचाच पत्ता लिहा असंही सांगितलं आहे. तसा तो लिहाच, कारण नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बाबतीत पुरवठ्याचं ठिकाण बिलावरच्या पत्त्यावरून ठरतं.

तीच साडी, तेच नाशिक, पण ऑर्डर बेंगळुरूच्या कंपनीने स्वतःच्या २९ क्रमांकावर दिली आणि माल नाशिकच्या दुसऱ्या कुणाला पोचवायला सांगितला, तर हिशेब उलटतो. बिल एकाला, माल तिसऱ्याला असेल तेव्हा पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे ऑर्डर देणाऱ्याचं मुख्य कार्यालय. साडीने महाराष्ट्राची हद्द ओलांडलेली नाही, तरी आयजीएसटी. दिवाळीच्या भेटवस्तूंच्या घाऊक ऑर्डरींमध्ये हे हमखास चुकतं, कारण डिलिव्हरीच्या राज्यावर सूत्र लावून सगळे मोकळे होतात. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक असलेल्या ओळी वेगळ्या काढा आणि डोळ्यांनी बघा. अंधेरीच्या सीप्झसारख्या सेझमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) युनिटला विकलेला मालही, मुंबईतून मुंबईतच गेला तरी, कायद्याने आंतरराज्य पुरवठा असतो.

उरलेल्या ओळी, म्हणजे साधे ग्राहक, सूत्राने होतात, पण राज्याच्या नावावर विसंबू नका. अहवालांत ओरिसाही येतं आणि ओडिशाही, महाराष्ट्राचं स्पेलिंग तर दर फाइलीत निराळं. नावाऐवजी राज्याचा कोड लिहा आणि पिनकोडने पडताळा. ही पडताळणी पहिल्या दोन आकड्यांवर करायची नाही. ४० ते ४४ म्हणजे महाराष्ट्र असं सूत्र लावलंत तर पणजीचा ४०३००१ आपल्यात येतो. तीन आकडे घ्या: ४०० ते ४४५ महाराष्ट्र, त्यातला ४०३ गोवा, कोड ३०. जिथे पिन आणि राज्य जुळत नाही त्या ओळी लाल करा. त्या थोड्याच असतात आणि नेमक्या त्याच महाग पडतात.

परत आलेला माल

ज्या महिन्यात क्रेडिट नोट (विक्रीची रक्कम कमी करणारा कागद) निघाली त्या महिन्यात, ज्या राज्याची आणि ज्या दराची मूळ विक्री होती, तिथूनच वजा करा. मार्चमध्ये इंदूरला गेलेला माल एप्रिलमध्ये परत आला तर तो एप्रिलच्या मध्य प्रदेशातून जाईल, महाराष्ट्रातून नव्हे. एखाद्या राज्याची बेरीज उणे आली तरी घाबरू नका, जीएसटीआर-१ च्या तक्ता ७ मध्ये उणे आकडा भरता येतो. मागच्या आर्थिक वर्षाच्या क्रेडिट नोटा ३० नोव्हेंबरपर्यंतच वजा होतात.

रिटर्न भरणं

शीटला पिव्होट (गटवार बेरजेचा तक्ता) लावा: राज्य आणि दर. साधे ग्राहक तक्ता ७ मध्ये, जीएसटी क्रमांकवाले तक्ता ४ मध्ये, राज्याबाहेरच्या साध्या ग्राहकाचं एक लाखावरचं बिल तक्ता ५ मध्ये. एचएसएन आणि बिलांची मालिका तक्ता १२ आणि १३. प्लॅटफॉर्मवरची विक्री तक्ता १४ मध्ये पुन्हा दाखवायची. तिथे कर वाढत नाही, म्हणून ती तक्ता ७ मधून काढून टाकू नका.

जीएसटीआर-१ मासिकवाल्यांना ११ तारखेपर्यंत, जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं रिटर्न) २० पर्यंत. तिमाहीवाल्यांना महाराष्ट्रात १३ आणि २२. जुलै २०२५ पासून ३बी मधला कराचा आकडा जीएसटीआर-१ वरून येतो आणि तिथे बदलता येत नाही. चूक दिसली तर ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए मधून दुरुस्त करा.

टीसीएस जुळवा, मग पैसे भरा

प्लॅटफॉर्म करपात्र निव्वळ विक्रीवर अर्धा टक्का कापतो (१० जुलै २०२४ पूर्वी एक टक्का होता). हजार रुपयांच्या विक्रीवर राज्यात अडीच अधिक अडीच, बाहेर आयजीएसटीचे पाच. हे पैसे आपोआप जमा होत नाहीत. पोर्टलवर टीडीएस-टीसीएसच्या पानावर जाऊन स्वीकारावे लागतात, मग पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात दिसतात. एका शीर्षाखाली (करप्रकाराखाली) जादा पडून असतील तर पीएमटी-०९ फॉर्मने दुसरीकडे वळवता येतात. आयकराचा ०.१ टक्का निराळा, तो यात मिसळू नका.

या टीसीएसचा खरा उपयोग तपासणीसाठी आहे. प्लॅटफॉर्मने दाखवलेली राज्यातली आणि बाहेरची विक्री तुमच्या शीटशी लावून बघा. फरक बहुतेक वेळा महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांतल्या बिलांचा किंवा परतीच्या मालाचा निघतो. तसा नसेल तर राज्य चुकलंय.

राज्य चुकल्याचं कर भरून झाल्यावर कळलं, तर बेरीज तीच आहे म्हणून सोडून देऊ नका. आयजीएसटीऐवजी सीजीएसटी-एसजीएसटी भरला असेल, तर आयजीएसटी नव्याने भरायचा आणि आधीच्याचा परतावा मागायचा. व्याज लागत नाही, परताव्याचा अर्ज योग्य कर भरल्यापासून दोन वर्षांत करावा लागतो. मधल्या काळात दोन्हीकडचे पैसे तुमचेच अडकलेले असतात.